चौथी पश्चिमचं हाड

मी हाडूक बोलतोय. शाळेच्या संडासाच्या खड्ड्यातून बोलतोय, तेव्हा नाकाला पदर लावायचा असेल तर खुशाल लावा. बारा हात खोल काळोख, माश्या, आणि वरून पडेल ते अंगावर. तरी सांगतो, वर ज्या जागी मी दोन वर्षं काढली तिच्यापेक्षा ही जागा बरी. इथली घाण निदान घाण म्हणूनच येते. वरची शिस्त म्हणून गळ्यात घालत होते.

मूळचा मी एका तांबड्या बैलाच्या मागच्या पायात होतो. नांगराचा बैल. त्याच्याबरोबर मी मक्याची नि भुईमुगाची रानं तुडवली, चिखलात रुतलो, उसाच्या ट्रकला वाट देत बांधावर उभा राहिलो. त्या जन्माबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग एका वर्षी शाळेची सात मुलं सातवीला पहिल्या श्रेणीत आली. हेडमास्तर बालिदावांनी मेजवानी ठेवली आणि बैल कापला. नळी म्हणून मी त्यांच्याच ताटात आलो. त्यांनी मला दगडावर आपटलं, चोखलं, काडी घालून आतला मगज काढला, बोटं चाटली. त्यांच्या सुळ्याची खूण अजून माझ्या कडेला आहे. मग मला उजेडात धरून आरपार बघितलं आणि म्हणाले, "हे टाकू नका रे. चौथी पश्चिमच्या तुकडीला होईल. त्यांचं जुनं हाड कुत्र्यानं पळवलंय."

सगळे हसले. मला उन्हात वाळवलं, पोकळीतून घायपाताची दोरी ओवली आणि वर्गाच्या दारामागं खिळ्याला अडकवलं.

नियम असा. तिसरीपर्यंत घरची भाषा, लुसोगा, चालते. चौथीपासून फाटकाच्या आत फक्त इंग्रजी. ज्याच्या तोंडून लुसोगा निघेल त्याच्या गळ्यात मी. मग त्यानं कान टवकारून फिरायचं. दुसरं कुणी बोललेलं ऐकू आलं की "पकडलं, तू बोललास!" असं ओरडायचं आणि मला त्याच्या गळ्यात घालायचं. शेवटच्या घंटेला मी ज्याच्या गळ्यात असेन त्याचं नाव वर्गाचे किरुंडा मास्तर वहीत लिहिणार. त्यानं मुलांचे संडास धुवायचे, मला घरी न्यायचं आणि सकाळी गळ्यात घालूनच यायचं.

एका गळ्यात मी अर्धा तास टिकलो तर खूप. मुलं हुशार असतात. विहिरीच्या हापशाआड लपून राहायची, कुणी भांडायला लागलं की धावत यायची. भांडताना इंग्रजी कुणाला सुचतं? घडीघडीला गळे बदलायचे. घाम, शेंबूड, पेजेचे थेंब, सगळं माझ्या अंगावर वाळायचं. पुढच्याला त्रास व्हावा म्हणून कुणी माझ्या पोकळीत थुंकायचं. एकदा तर लाल मुंग्या भरल्या होत्या. मास्तर सावलीत बसून ऊस चावायचे आणि म्हणायचे, "आमच्याही गळ्यात होतं. काही मेलो नाही आम्ही."

खरंच, ते काही मेले नव्हते. एवढंच त्यांच्याबद्दल सांगता येईल.

मग कावुधा चौथीत आली.

कावुधा आणि वाइस्वा ही जुळी भावंडं. वाइस्वा अगोदर आला, ही मागून. आमच्याकडे जुळं झालं की आईचं स्वतःचं नाव मागं पडतं. सगळं गाव तिला नाबिर्ये, म्हणजे जुळ्यांची आई, म्हणायला लागतं. मान मोठा, आणि धाकही मोठा. जुळ्यांना दुजाभाव खपत नाही म्हणतात. एकाला रताळं दिलं की दुसऱ्यालाही त्याच क्षणी द्यायचं. एकाला हाक मारायची नाही, दोघांना मिळून मारायची, नाहीतर एखादं रुसून निघून जाईल. निघून जाईल म्हणजे काय, ते कुणी बोलून दाखवत नाही.

म्हणून नाबिर्येनं नऊ वर्षांत एकदाही नुसतं "कावुधा" म्हटलं नव्हतं. "वाइस्वा-कावुधा, जेवायला या!" वाइस्वा उठायचा, त्याच्यामागं ही उठायची. तो हसला की ही हसायची. कुणी काही विचारलं तर उत्तर तो द्यायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, "जुळ्यांचं असंच असतं. एक बोलका, एक मुका. जीव एकच."

कावुधाच्या कानातून पू यायचा. तो तर चार वर्षांपासून येत होता. उशी पिवळी व्हायची, वास यायचा. नाबिर्ये रोज तिचा कान पुसायची, कोमट करून पानांचा रस घालायची, शेजारणींना विचारत सुटायची. शेजारणी म्हणायच्या, "अगं, पोरांचा कान फुटतोच. मोठी झाली की थांबेल. तुला मेलीला काळजीशिवाय दुसरं काम नाही." एकदा दवाखान्यातून थेंब आणले, थांबला. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू झाला.

तिसरीपर्यंत दोघं एका बाकावर बसली. चौथीत हेडमास्तरांनी त्यांना वेगळं केलं. "जुळी एकत्र बसली की नक्कल करतात." वाइस्वा चौथी पूर्वमध्ये गेला, कावुधा आमच्या पश्चिमेत. एकशे बारा मुलांच्या वर्गात मागून दुसऱ्या ओळीत.

पहिल्याच आठवड्यात मी तिच्या गळ्यात पडलो. मास्तरांनी काहीतरी विचारलं, तिनं भलतंच काहीतरी सांगितलं, तेही लुसोगात. वर्ग खिदळला. पुढचा अर्धा तास मी वाट बघत होतो. आता ही कुणालातरी पकडेल. तिच्या कानापासून हातभर अंतरावर दोन पोरी फणसाच्या गऱ्यावरून लुसोगात भांडत होत्या. ही समोर बघत बसलेली.

दुसऱ्या दिवशीही मी तिथंच. तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी मुलांच्या लक्षात आलं. मोठ्यांच्या नाही हं, मुलांच्या. नाकोबे नावाची एक दांडगी पोरगी होती. ती कावुधाच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि खणखणीत लुसोगात म्हणाली, "कावुधा, तुझ्या डोक्यावर पाल बसलीय!"

कावुधा हलली नाही.

मग नाकोबे हसली. "अरे, हिच्या गळ्यात हाड असलं ना, की आपण सगळे सुटलो!"

त्या दिवसापासून चौथी पश्चिममध्ये लुसोगाचा बाजार भरला. हाड एकच, आणि ते जिच्या गळ्यात तिला ऐकू येत नाही. मग कुणाला कसली भीती? तिच्या पाठीमागं गाणी म्हणायचे, मास्तरांच्या नकला करायचे, तिच्या कानाच्या वासावरून तिला नावं ठेवायचे. ती वळून बघायची तेव्हा सगळे हसत असायचे, म्हणून तीही हसायची. तिच्या त्या हसण्यानं मला जेवढी शिसारी आली तेवढी मुंग्यांनी आणि थुंकीनंही आली नव्हती. शिसारी तिची नाही, माझी स्वतःची. अशा कामासाठी मला चोखून मोकळं केलं होतं!

आणि किरुंडा मास्तर? त्यांच्यामागची रोजची कटकट गेली. वहीत एकच नाव लिहायचं. चौदाव्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, "काय गं, लाज कशी वाटत नाही?" ती त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. "बघा, कशी टक लावून बघते! निगरगट्ट." दोन छड्या मारल्या.

रोज संध्याकाळी ती संडास धुवायची. वाइस्वा डब्यानं पाणी आणून द्यायचा. घरी जाताना तो मला स्वतःच्या दप्तरात दडवायचा आणि बोटांनी, ओठांनी, दोघांच्या नेहमीच्या पद्धतीनं तिला सांगायचा, "आईला दाखवू नको. आधीच ती रात्रभर जागते." तिच्या मानेवरचा दोरीचा वळ आईला दिसला. तिनं त्यावर गजकर्णाचं मलम लावलं.

दर वर्षी वरून एक छापील कागद येतो. शाळेत अधू मुलं किती? ऐकायला कमी, बघायला कमी, बोलायला अडखळणारी, शिकायला मागं पडणारी? हेडमास्तर तो आमच्याच वर्गात, शिक्षकांसमोर भरायला बसले. मी कावुधाच्या गळ्यात, पाच हातांवर. प्रत्येक रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं.

नव्यानं आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तपासायचं नाही का, सर?"

"तपासलं की सापडतात, बाई," हेडमास्तर म्हणाले. "सापडली की साहेब लोक येतात, आणि वर आपल्यालाच विचारतात, काय केलंत म्हणून. शून्याला कुणी काही विचारत नाही."

बाई हसल्या. हेही मी बघितलं.

पाचवा आठवडा संपत आला तेव्हा नाबिर्येला शाळेत बोलावणं आलं. तिला पुढ्यात बसवून हेडमास्तर म्हणाले, "नाबिर्ये, तुमचा मुलगा चांगला आहे. मुलगी मात्र या शाळेत चालणार नाही. मठ्ठ आहे आणि वर हट्टी. या शुक्रवारी नाव काढतो. घरी ठेवा, शेतात मदत होईल. सातवीच्या निकालात असली पोरं आम्हाला खाली ओढतात."

नाबिर्ये पंचविशीची बाई. रडकुंडीला आली होती, ओढणीचं टोक हातात तयारच होतं. "हट्टी? ती तर घरात आवाजसुद्धा करत नाही, सर."

किरुंडा मास्तरांनी वही तिच्यापुढं टाकली. "वाचता येतं ना? वाचा."

तिला येत होतं. सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ती वाचायला लागली. कावुधा. कावुधा. कावुधा. पान उलटलं. कावुधा. तेवीस ओळी. मग तिनं मान वर केली आणि दारात उभ्या असलेल्या लेकीच्या गळ्यात पहिल्यांदा मला बघितलं. मानेवरचा वळ बघितला.

"हे अजून आहे?" ती म्हणाली. "आमच्या वेळी लाकडाची फळी होती. मी हापशामागं जाऊन उभी राहायचे. पाणी भरताना बायापोरी बोलणारच. ऐकलं की दिली गळ्यात." तिचा आवाज हळू होत गेला. "मास्तर, तेवीस दिवसांत हिच्या मागं कुणीच लुसोगा बोललं नाही?"

किरुंडा मास्तर उत्तर देणार तोच खिडकीबाहेर नाकोबे ओरडली, शुद्ध लुसोगात, "माझा फणस दे, नाहीतर तुझ्या आजीला सांगते!" सगळ्यांनी खिडकीकडं बघितलं. हेडमास्तरांनी बघितलं, मास्तरांनी बघितलं.

कावुधा खिडकीला पाठ करून उभी होती. तिनं बघितलं नाही.

नाबिर्ये उठली. लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली. नऊ वर्षं जे करू नये म्हणून सांगितलं होतं ते तिनं केलं. एकट्या पोरीचं नाव घेतलं.

"कावुधा."

काही नाही.

"कावुधा!"

शेजारच्या वर्गातून वाइस्वा धावत आला. "काय झालं आई?"

वाइस्वा दिसल्यावर कावुधा त्याच्याकडं बघून हसली.

नाबिर्ये मटकन खाली बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. "मी हाक दोघांना मारत होते गं! दोघांना मारत होते!"

हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले, "असं असेल तर मग बहिऱ्यांची शाळा आहे जिल्ह्याला. आमचा प्रश्नच मिटला."

त्यावर ती उठली. तिचं रडणं थांबलं होतं. "तुमचा प्रश्न! ती बहिरी आहे का तिचा कान सडलाय, ते बघितलंत कुणी? मी आई असून फसले. मला एकच मुलगी बघायची होती, तरी दिसलं नाही. पण तुम्ही रोज लिहीत होतात! स्वतःच्या हातानं तेवीस वेळा लिहिलंत आणि तुम्हाला वाचता आलं नाही?"

तिनं मला लेकीच्या गळ्यातून काढलं, पिशवीत टाकलं, आणि दोन्ही पोरांना घेऊन तडक निघाली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात नाइगागा नावाच्या सिस्टर होत्या. तोंडानं फटकळ. त्यांनी कापसाची वात करून कान कोरडा केला, आत उजेड टाकून बघितला. मग मागून कुजबुजून बघितलं, मग जोरात.

"डाव्या पडद्याचं काही उरलं नाही. उजव्याला भोक आहे, पण कोरडा ठेवला तर कामापुरतं ऐकेल. पानांचा रस घालत होतात?"

"हो."

"बंद. कानात ओलं काही घालायचं नाही. पाचव्या वर्षी आणली असती तर दोन्ही वाचले असते." नाबिर्येचा चेहरा बघून त्या जरा थांबल्या. "तुम्ही एकट्या नाही हो. शाळेनं पहिलीतच बघायचं असतं. तुमच्या शाळेचा कागद येतो ना माझ्याकडे, सगळीकडे शून्य. मी म्हणायचे, काय भाग्यवान गाव आहे!" मग त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्यावर गेली. "हे काय?"

वाइस्वानं सांगितलं. सिस्टरांनी ऐकलं आणि हात धुतले. मला हातसुद्धा लावला नव्हता, तरी धुतले.

त्यांनी चिठ्ठी दिली. पहिल्या बाकावर, उजवा कान मास्तरांकडं. बोलताना तिच्याकडं तोंड करायचं. महत्त्वाचं ते फळ्यावर लिहायचं. नाव काढायचं नाही. काढलंत तर कारण लिहून मला कळवा. शेवटच्या वाक्यानं हेडमास्तर नरमले. शुक्रवारी नाव काढलं नाही.

पण त्यांनी मला परत मागितलं. "शाळेची वस्तू आहे." नाबिर्येनं दिली. तिचा नाइलाज होता, लेकीला त्याच शाळेत बसायचं होतं. मी पुन्हा त्याच खिळ्याला.

तुम्हाला वाटेल, आता तरी त्यांना कळलं असेल. छे! त्यांना एवढंच कळलं की कावुधाला माफी द्यायची. तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. आठवडाभर मी पुन्हा गळ्यागळ्यांतून फिरलो. आणि मग एका गळ्यात अडकलो. नामुकोसे. तोतरी पोरगी. तिला सगळं ऐकू यायचं, पण "पकडलं, तू बोललीस" हे म्हणेपर्यंत समोरचा पळून जायचा. प-प-प वरच सगळे हसायचे. एक दिवस, दोन, पाच. वर्गात पुन्हा बाजार भरला. मास्तर पुन्हा एकच नाव लिहायला लागले. एका पोरीपायी एवढी शोभा झाली होती, तरी त्यांच्या हाताला काही आठवलं नाही. ओकारी यावी असं ते अक्षर, वळणदार, नीट, रोज.

सहाव्या दिवशी पहिल्या बाकावरून कावुधा उठली. एव्हाना उजव्या कानानं तिला बरंच कळत होतं. मागं चाललेलं लुसोगातलं गाणंही, आणि प-प-पही. ती नामुकोसेजवळ गेली आणि मास्तरांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं लुसोगात म्हणाली, "ते हाड माझ्याकडं दे."

"कावुधा, तुला माफी आहे," मास्तर म्हणाले. तिच्याकडं तोंड करून म्हणाले. चिठ्ठीतलं तेवढं त्यांनी पाळलं.

"मला नको माफी. मी लुसोगा बोलले. सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं."

नियम तर नियम. मी तिच्या गळ्यात आलो. तिनं दिवसभर कुणालाही पकडलं नाही. नाकोबे तिच्या पुढ्यातच बडबडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता हिला ऐकू येतंय. कावुधानं तिच्याकडं फक्त बघितलं.

शेवटची घंटा झाली. नाव लिहिलं गेलं. ती झाडू नि डबा घेऊन संडासात आली. फरशी घासली. मग मला गळ्यातून काढून पोकळी उजव्या कानाला लावली. काय ऐकलं तिनं, मला माहीत नाही. बैलाचं ऐकलं असेल तर बरं. मग भोकावर हात लांब केला आणि मला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर बॅटरी घेऊन वाकून बघून गेले. संतापात लुसोगातच ओरडत होते. खाली उतरायला कुणी तयार झालं नाही.

म्हणजे सगळं आटपलं असं नाही. हाडांना तोटा नाही. पुढच्या मेजवानीला दुसरा बैल, दुसरी नळी, तोच खिळा. मी खड्ड्यातून त्यांना थांबवू शकत नाही. पण ज्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचतोय त्यांना हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. हाड असो, छडी असो, वहीतलं नाव असो, एकाच पोरावर तीन दिवस अडकलं की लिहिणं थांबवा. त्या पोराच्या मागं जाऊन उभे राहा. हळूच हाक मारा. फक्त त्यालाच.

एक बाई रोज अशी हाक मारते. शाळा सुटली की संडासामागच्या पायवाटेवर पावलं वाजतात. पुढं जाणाऱ्या दोन जोड्या, मागं राहिलेली एक. मागची थांबते.

"कावुधा." एवढं हळू, की मलाच जेमतेम ऐकू येतं.

पुढची एक जोडी थांबते. "आलं ऐकू, आई! रोज काय तेच ते?"

"आज डाव्या बाजूनं हाक मारली होती गं."

थांबलेली जोडी माघारी वळते.

"उजव्यानंच ऐकलं," कावुधा म्हणते. "डावा तसाच आहे. चल आता, भूक लागलीय."